विश्लेषण : फुप्फुसे बदलल्यावर धमनीचे काय होते? पल्मनरी हायपरटेन्शनमध्ये प्रत्यारोपणाचा नेमका उपयोग काय?

दंडाला पट्टा बांधून मोजला जाणारा रक्तदाब सर्वांना ठाऊक असतो. पण शरीरात आणखी एक रक्तदाब असतो, जो या पट्ट्याला कळतच नाही. हृदयातून फुप्फुसांकडे जाणाऱ्या धमनीतला हा दाब. तो वाढला की पल्मनरी हायपरटेन्शन होते. या आजाराच्या गंभीर रुग्णांसाठी फुप्फुस प्रत्यारोपण हा अखेरचा उपाय मानला जातो. मात्र नवी औषधे आल्यामुळे प्रत्यारोपण कधी करायचे, किती थांबायचे, हा प्रश्न आता अधिक अवघड झाला आहे. प्रत्यारोपणानंतर या धमनीत आणि हृदयात काय बदल होतात, हे समजून घेतले तर या प्रश्नाचे गांभीर्य कळते.

पल्मनरी हायपरटेन्शन म्हणजे काय?

शरीरभर फिरून आलेले, प्राणवायू कमी असलेले रक्त हृदयाच्या उजव्या भागात येते. तेथून ते फुप्फुसीय धमनीमार्फत दोन्ही फुप्फुसांत जाते, प्राणवायू घेते आणि हृदयाच्या डाव्या भागात परतते. डावा भाग ते पुन्हा शरीराला पुरवतो. डाव्या भागाला डोक्यापासून पायापर्यंत रक्त पोहोचवायचे असल्याने त्याच्या भिंती जाड असतात. उजव्या भागाचे काम त्या मानाने हलके. फुप्फुसे शेजारीच आणि तिथल्या रक्तवाहिन्या लवचीक. त्यामुळे निरोगी माणसात फुप्फुसीय धमनीतला सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी पाऱ्याच्या सुमारे १४ मिलिमीटर इतकाच असतो.

हा सरासरी दाब २० मिलिमीटरच्या वर गेला की पल्मनरी हायपरटेन्शन आहे असे मानले जाते. पूर्वी ही मर्यादा २५ होती. युरोपातील हृदयरोग आणि श्वसनरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांत ती २० वर आणली. गंभीर रुग्णांत हा आकडा ५० ते ६० किंवा त्याहूनही वर जातो. इकोकार्डिओग्राफीतून दाबाचा अंदाज येतो, पण निदान पक्के करण्यासाठी शिरेतून बारीक नळी घालून उजव्या हृदयातला आणि धमनीतला दाब थेट मोजावा लागतो.

धमनीत नेमके काय बिघडते?

बिघाड सुरू होतो तो फुप्फुसांच्या आतल्या, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक धमन्यांत. त्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढतात, मधला स्नायूंचा थर जाड होतो आणि रक्ताची वाट अरुंद होते. काही ठिकाणी ती जवळपास बंदच होते. एवढ्या अरुंद वाटांतून रक्त ढकलण्यासाठी उजव्या हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. त्याचे स्नायू आधी जाड होतात, मग थकतात आणि शेवटी तो कप्पा फुगत जातो.

दुसरीकडे, हृदयातून निघणारी मुख्य फुप्फुसीय धमनी वर्षानुवर्षांच्या दाबाने रुंदावते. तिचा व्यास साधारणपणे ३ सेंटिमीटरच्या आत असतो. या आजारात तो ४ सेंटिमीटरच्या पुढे जाऊ शकतो. फुगलेली धमनी शेजारच्या हृदयधमनीवर दाब देऊन छातीत दुखण्याचे कारण ठरू शकते. स्वरयंत्राकडे जाणारी नस दाबली गेली तर आवाज बसतो.

म्हणजे एकाच आजारात दोन ठिकाणी दोन उलट गोष्टी घडतात. बारीक धमन्या अरुंद होतात आणि मुख्य धमनी रुंद होते. प्रत्यारोपणाचा परिणाम समजून घेताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

प्रत्येक रुग्णाला प्रत्यारोपण लागते का?

नाही. पल्मनरी हायपरटेन्शनचे कारणांनुसार पाच गट केले जातात. पहिल्या गटात बिघाड थेट फुप्फुसातल्या धमन्यांत असतो. त्याला पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन किंवा पीएएच म्हणतात. दुसरा गट डाव्या हृदयाच्या आजारांमुळे होणारा, तिसरा फुप्फुसांच्या जुनाट आजारांमुळे होणारा, चौथा धमनीत अडकून राहिलेल्या जुन्या गुठळ्यांमुळे होणारा आणि पाचवा इतर मिश्र कारणांचा.

सर्वाधिक रुग्ण दुसऱ्या गटातले असतात. केरळमधील ५० रुग्णालयांत झालेल्या ‘प्रो-केरळ’ नोंदणीतही निम्म्याहून अधिक रुग्ण याच गटातले आढळले. त्यांच्यासाठी हृदयाच्या मूळ आजारावर उपचार, उदाहरणार्थ खराब झडप दुरुस्त करणे, महत्त्वाचे ठरते. चौथ्या गटात शस्त्रक्रिया करून धमनीतल्या जुन्या गुठळ्या अस्तरासह सोलून काढता येतात आणि अनेक रुग्ण त्यानेच बरे होतात. म्हणून प्रत्यारोपणाचा विचार करण्याआधी गट ओळखणे आवश्यक असते. प्रत्यारोपणाची चर्चा मुख्यतः पहिल्या गटासाठी आणि तिसऱ्या गटातल्या, फुप्फुसे निकामी होत आलेल्या रुग्णांसाठी असते. जगभरातल्या एकूण फुप्फुस प्रत्यारोपणांत पहिल्या गटातल्या रुग्णांचा वाटा मात्र काही टक्क्यांचाच आहे.

पूर्वी हृदयही का बदलले जाई?

माणसातले पहिले फुप्फुस प्रत्यारोपण १९६३ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात डॉ. जेम्स हार्डी यांनी केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. पुढची दोन दशके या क्षेत्रात फारसे यश आले नाही. ९ मार्च १९८१ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. ब्रूस राइट्झ यांच्या पथकाने मेरी गोल्की या महिलेवर हृदय आणि दोन्ही फुप्फुसे एकत्र बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्यांना पल्मनरी हायपरटेन्शनच होते. त्यानंतर त्या पाच वर्षे जगल्या. सायक्लोस्पोरिन हे शरीराची प्रतिकारशक्ती आवरणारे औषध तेव्हा हाती आले होते, हे या यशामागचे मोठे कारण.

त्या काळात समज असा होता की, इतकी वर्षे दाब सोसून फुगलेले उजवे हृदय पुन्हा सावरणार नाही. त्यामुळे फुप्फुसांबरोबर हृदयही बदलले जाई. पुढे केवळ फुप्फुसे बदललेल्या रुग्णांत वेगळेच चित्र दिसले. दाब उतरताच उजवे हृदय हळूहळू सावरू लागले. या निरीक्षणाने उपचाराची दिशा बदलली. आता पीएएचच्या बहुतांश रुग्णांत फक्त दोन फुप्फुसे बदलली जातात आणि दात्याचे हृदय दुसऱ्या एखाद्या रुग्णाला मिळू शकते. अवयवांची टंचाई असताना हा फरक लहान नाही. दुरुस्त न होणारा जन्मजात हृदयदोष असेल किंवा डावे हृदयही निकामी झाले असेल, तर मात्र आजही हृदय-फुप्फुस एकत्र बदलण्याचा विचार होतो.

शस्त्रक्रियेत धमनी कशी जोडली जाते?

प्रत्येक फुप्फुस बसवताना तीन जोड द्यावे लागतात. पहिला श्वासनलिकेच्या शाखेचा, दुसरा फुप्फुसीय धमनीचा आणि तिसरा फुप्फुसातून रक्त परत आणणाऱ्या शिरांचा. या शिरा दात्याच्या हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या छोट्या पट्टीसह काढलेल्या असतात आणि ती पट्टीच रुग्णाच्या हृदयाला शिवली जाते.

धमनीच्या जोडात पीएएचच्या रुग्णांची खास अडचण असते. रुग्णाची धमनी रुंदावलेली आणि दात्याची नेहमीच्या आकाराची. दोन वेगळ्या व्यासांचे पाइप जोडण्यासारखेच हे काम. त्यासाठी रुंद धमनीला चुण्या घालून ती लहान करावी लागते. फुगवटा फार मोठा असेल तर दात्याच्या रक्तवाहिनीचा तुकडा वापरून धमनी नव्याने उभारली गेल्याचीही उदाहरणे आहेत. धमनीची लांबी जास्त राहिली तर ती मुडपते, टाके घट्ट बसले तर जोड अरुंद होतो. दोन्ही वेळी नव्या फुप्फुसाला रक्त कमी पडते. असे झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते किंवा स्टेंट घालावा लागतो.

या जोडाचे आणखी एक महत्त्व आहे. श्वासनलिकेच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बहुतेक केंद्रांत पुन्हा जोडल्या जात नाहीत. त्यामुळे सुरुवातीच्या काळात श्वासनलिकेचा जोड भरून येणे फुप्फुसीय धमनीतून उलट वाटेने मिळणाऱ्या रक्तावर अवलंबून असते.

दाब किती लवकर उतरतो?

जवळपास लगेच. अरुंद झालेल्या बारीक धमन्या जुन्या फुप्फुसांबरोबरच शरीराबाहेर गेलेल्या असतात. नव्या फुप्फुसांतल्या वाहिन्या मोकळ्या असल्याने रक्ताला होणारा अडथळा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच कमी होतो. सर्व सुरळीत झाल्यास पहिल्या काही दिवसांत फुप्फुसीय धमनीतला दाब सामान्य पातळीजवळ येतो. उजव्या हृदयाला मात्र वेळ लागतो. त्याची पंपिंगची क्षमता काही आठवड्यांत सुधारू लागते. फुगलेला कप्पा लहान होणे आणि जाड झालेल्या भिंती पातळ होणे ही प्रक्रिया काही महिने चालते.

मुख्य धमनीचे गणित वेगळे आहे. प्रत्यारोपणात धमनीचा जोडापुढचा भागच दात्याचा असतो. हृदयातून निघणारे मूळ खोड रुग्णाचेच राहते. दाब उतरल्यावर अनेकांत त्याचा व्यास कमी होतो. पण वर्षानुवर्षे ताणलेल्या भिंतीची लवचीकता पूर्ववत होईलच असे नाही. त्यामुळे मूळ फुगवटा मोठा असलेल्या रुग्णांत प्रत्यारोपणानंतरही सीटी स्कॅनवर लक्ष ठेवावे लागते.

मग धोका कुठे असतो?

दाब पटकन उतरणे ही चांगली गोष्ट असली तरी हृदयाच्या दृष्टीने हा मोठा धक्का असतो. उजव्या भागाचे जाड झालेले स्नायू जुन्या सवयीने जोरात आकुंचन पावतात. समोरचा अडथळा एकाएकी नाहीसा झाल्याने काही रुग्णांत रक्त बाहेर पडण्याची वाटच आकुंचनाच्या वेळी मिटते आणि रक्तदाब कोसळतो.

त्याहून अधिक चिंता डाव्या भागाची असते. आजाराच्या काळात फुप्फुसांतून थोडेच रक्त परत येत असल्याने डावा कप्पा लहान आणि ताठर झालेला असतो. प्रत्यारोपणानंतर त्याच्याकडे अचानक भरपूर रक्त येते. ते पुढे ढकलणे त्याला जमत नाही. रक्त मागे तुंबते आणि नव्या फुप्फुसांत पाणी साचते. पहिल्या ७२ तासांत नवे फुप्फुस नीट काम न करण्याची जी गुंतागुंत असते, तिचा धोका पल्मनरी हायपरटेन्शनच्या रुग्णांत जास्त असण्याचे हे एक कारण.

यावर दोन उपाय रूढ झाले आहेत. एक म्हणजे शक्यतो दोन्ही फुप्फुसे बदलणे. एकच बदलले तर बहुतेक सगळे रक्त कमी अडथळ्याच्या नव्या फुप्फुसाकडे धावते आणि त्याच्यावर ताण येतो. दुसरा उपाय म्हणजे एक्मो यंत्र शस्त्रक्रियेनंतर लगेच न काढता काही दिवस चालू ठेवणे. हे यंत्र रक्ताचा काही भाग हृदय आणि फुप्फुसांना वळसा घालून फिरवते. त्यामुळे डाव्या हृदयाला वाढलेल्या कामाची सवय होण्यास वेळ मिळतो. जर्मनीतील हॅनोव्हर आणि ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथील केंद्रांनी ही पद्धत विशेषत्वाने वापरली.

आजार पुन्हा उद्भवतो का?

पीएएच सहसा नव्या फुप्फुसांत परतत नाही. या आजाराच्या आनुवंशिक प्रकारात बीएमपीआर२ या जनुकातला दोष प्रामुख्याने आढळतो. रुग्णाच्या इतर पेशींत हा दोष कायम राहतो, पण नव्या फुप्फुसांतल्या धमन्यांच्या पेशी मुख्यत्वे दात्याच्या असतात. त्यामुळे पीएएचची महागडी औषधे बहुतेकांना थांबवता येतात.

त्या जागी दुसरी औषधे येतात. शरीराने परके फुप्फुस नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. त्यामुळे जंतुसंसर्ग, मूत्रपिंडांवर परिणाम आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो. काही वर्षांनी अनेकांत हळूहळू होणारा, जुनाट स्वरूपाचा नकार सुरू होतो आणि श्वासमार्ग अरुंद होतात. आंतरराष्ट्रीय नोंदींनुसार फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या प्रौढांपैकी निम्मे रुग्ण सुमारे साडेसहा वर्षांहून अधिक जगतात. पीएएचच्या रुग्णांत सुरुवातीच्या महिन्यांतला मृत्यूचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. मात्र पहिले वर्ष पार करणाऱ्यांपैकी निम्मे पुढे सुमारे दहा वर्षे जगतात. म्हणजे या रुग्णांसाठी सर्वात मोठी परीक्षा पहिल्या वर्षातच असते.

नव्या औषधांमुळे प्रत्यारोपणाची गरज कमी होईल का?

काही प्रमाणात झालीच आहे. १९९५मध्ये अमेरिकेत इपोप्रोस्टेनॉलला मान्यता मिळाल्यानंतर अनेक रुग्णांना प्रत्यारोपण पुढे ढकलता आले. त्यानंतर बोसेंटन, सिल्डेनाफिल, टाडालाफिल, मॅसिटेंटन अशी औषधे आली. ही औषधे मुख्यतः धमन्या सैल करतात. मार्च २०२४मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सोटाटरसेप्ट हे इंजेक्शन वेगळ्या वाटेने जाते. धमनीच्या भिंतीतल्या पेशींची अनिर्बंध वाढ रोखणे, हे त्याचे लक्ष्य आहे.

२०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘झेनिथ’ चाचणीत मृत्यूचा मोठा धोका असलेल्या १७२ रुग्णांचा अभ्यास झाला. मृत्यू, फुप्फुस प्रत्यारोपण किंवा आजार बळावून रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, यांपैकी एखादी घटना सोटाटरसेप्ट घेणाऱ्या १७.४ टक्के रुग्णांत घडली. औषधाविना दिलेले इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण ५४.७ टक्के होते. फरक इतका ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवण्यात आली.

पण यातून नवा पेच निर्माण होतो. औषध काम करत आहे तोवर रुग्ण आणि डॉक्टर दोघेही प्रत्यारोपणाचा विषय टाळतात. औषधाचा परिणाम ओसरेपर्यंत यकृत आणि मूत्रपिंडे थकलेली असू शकतात. अशा अवस्थेत शस्त्रक्रियेचा धोका वाढतो, कधी ती करताच येत नाही. म्हणून तज्ज्ञांच्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. प्रत्यारोपण केंद्रात तपासणीसाठी लवकर पाठवणे आणि प्रतीक्षायादीत नाव घालणे. औषधे घेऊनही धोका कमी होत नसेल तर पहिले पाऊल उचलावे. प्रकृती सुधारली तर दुसरे पाऊल थांबवता येते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेच्या म्हणजे ‘नोटो’च्या आकडेवारीनुसार २०२३मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. त्यांत मूत्रपिंडे १३,४२६, यकृते ४,४९१ आणि फुप्फुसे केवळ १९७ होती. मूत्रपिंड आणि यकृताचा भाग जिवंत नातेवाईक देऊ शकतात. फुप्फुसांसाठी जवळजवळ पूर्णपणे मेंदूमृत दात्यांवर अवलंबून राहावे लागते. त्या वर्षी देशभरात असे १,०९९ दाते होते. १४० कोटींच्या देशात हे प्रमाण दहा लाखांमागे एकही नाही. महाराष्ट्रातल्या दात्यांची संख्या सुमारे दीडशे होती.

मिळालेल्या प्रत्येक दात्याची फुप्फुसे वापरता येत नाहीत. संसर्ग, व्हेंटिलेटरमुळे झालेली इजा किंवा अपघातातला मार यामुळे ती लवकर खराब होतात. नेहमीच्या पद्धतीने थंड ठेवली तरी ती काढल्यापासून साधारण सहा तासांच्या आत बसवावी लागतात. देशातली बहुतेक फुप्फुस प्रत्यारोपणे चेन्नई, हैदराबाद अशा दक्षिणेकडील शहरांत होतात. मुंबई-पुण्यातही ही सोय आहे. पण ती प्रामुख्याने खासगी रुग्णालयांत असल्याने खर्च पंचवीस-तीस लाखांच्या पुढे जाऊ शकतो. शस्त्रक्रियेनंतरची औषधे आणि तपासण्या वेगळ्या.

२०२३च्या सुरुवातीला केंद्राने मेंदूमृत दात्यांच्या अवयवांसाठी नोंदणी करताना राज्याच्या रहिवासाची अट काढली. त्यामुळे मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या रुग्णाला दुसऱ्या राज्यातही नाव नोंदवता येते. अर्थात, तिथे महिनोन्‌महिने राहण्याचा खर्च कोण करणार, हा प्रश्न उरतोच.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

जिना चढताना धाप लागणे, श्रम केल्यावर चक्कर किंवा भोवळ येणे, पायांवर सूज ही या आजाराची लक्षणे. ती दमा, रक्तक्षय किंवा वजनवाढ यांच्या खाती टाकली जातात. पहिल्या लक्षणापासून पीएएचचे निदान होईपर्यंत सरासरी दोन वर्षांहून अधिक काळ जातो, असे अनेक देशांतल्या नोंदींतून दिसले आहे. हा आजार तरुण स्त्रियांतही आढळतो आणि त्यांच्यासाठी गर्भारपण अतिशय धोक्याचे असते. त्यामुळे कारण न सापडणारी धाप असेल तर इकोकार्डिओग्राफी करून घेणे हिताचे.

निदान झालेल्यांनी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. आपला आजार पाचपैकी कोणत्या गटातला? सध्याच्या उपचारांवर धोका कमी झाला आहे का? आणि प्रत्यारोपण केंद्राचा सल्ला घेण्याची वेळ आली आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘आताच नको’ असे आले, तरी पुन्हा केव्हा तपासायचे याची तारीख ठरवून घ्यावी. नव्या फुप्फुसांमुळे धमनीतला दाब काही दिवसांत उतरतो, थकलेले उजवे हृदयही काही महिन्यांत सावरते. पण त्यासाठी शरीरात तेवढी ताकद शिल्लक असतानाच रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचायला हवा.